सराट्याला आवतान कुणाच्या नावानं?

"सराटे आणायला सोलापूरला जायचंय, रजा द्या," असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. लोक सोलापूरहून चादरी आणतात, शेंगांची चटणी आणतात. पायात मोडणारे काटे आणायला रजा टाकून निघालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. अर्जावर 'घरगुती काम' लिहा, असं त्यांनी सुचवलं आणि मी तसं लिहिलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली. पुतण्याची मुलगी प्रवासाचा ब्लॉग चालवते. डोंगर चढते, समुद्रात बुड्या मारते आणि लिहिते. ती म्हणाली, आजोबा, तुम्हीही एखादा प्रवास लिहा की. मी आयुष्यात हौसेनं असा फारसा फिरलो नाही. पण पुणे ते होटगी हा साधा प्रवास मी एकदा असा केला की त्यात झालेला गोंधळ अजून पुरता निस्तरलेला नाही. तो लिहितो. तुम्हाला माळावरची झाडं-वेली बघत हिंडायची हौस असेल तर रस्त्याची माहितीही मिळेल.

आम्ही तेव्हा पुण्यात कॅम्पात राहायचो. तळमजल्यावर डॉक्टर लिन यांचा दातांचा दवाखाना होता. माणूस चिनी वंशाचा, पण जन्म इथलाच आणि मराठी अगदी चोख. त्यांची आई मात्र लग्न होऊन थेट चीनमधून आलेली. तिला सगळे पोपो म्हणत. पोपो म्हणजे आजी. पोपोला चक्कर यायची, डोकं ठणकायचं, डोळे खाजून लाल व्हायचे. त्यावर तिचा माहेरचा उपाय ठरलेला होता. गवताळ माळावर उगवणाऱ्या एका वेलीची वाळकी काटेरी फळं भाजायची, काटे चोळून काढायचे आणि फळं उकळून ते पाणी प्यायचं. ही फळं तिला कलकत्त्याच्या नातेवाइकांकडून यायची. बासष्टच्या लढाईनंतर ते नातेवाईक पांगले आणि पुड्या यायच्या बंद झाल्या.

एक दिवस पोपोनं आपला पत्र्याचा डबा माझ्या बायकोला, महानंदाला, उघडून दाखवला. तळाशी थोडीशीच फळं उरली होती. महानंदा ओरडलीच, "अगं बाई, हे तर सराटे! आमच्या होटगीला माळभर पडलेत."

सराटा म्हणजे गोखरू. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, चिंचेसारखी बारीक पानं, पिवळी फुलं आणि मग ते काटेरी फळ. कसंही पडलं तरी एक काटा वर ठेवून पडतं. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मी लगेच पुडी आणून दिली. पोपोनं ती हुंगली आणि डॉक्टरांना काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "जुनं आहे म्हणते. यंदाचं हवं." यंदाचं म्हणजे होटगीचं, असं महानंदानं परस्पर ठरवून टाकलं.

मला याचं फार आश्चर्य वाटलं, कारण महानंदा माहेरी जायला तयार नव्हती. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आदल्या वर्षी ती माहेरी गेली असताना शेजारच्या घरी एका गरोदर बाईची ओटी भरायची होती. बायका जमल्या, आणि कुणीतरी हिला हळूच म्हणालं, तू आत बस ग. ती आत बसली. तिची आईही काही बोलली नाही. परत आल्यावर महानंदानं मला एवढंच सांगितलं आणि दिवाळीला जाणार नाही म्हणाली. पोपोकडे मात्र ती रोज दुपारी जायची. दोघी मिळून पिठाच्या पाऱ्या लाटत बसायच्या. तिला तिथं बरं वाटायचं, कारण पोपो तिला काही विचारत नसे. विचारायला दोघींच्यात भाषाच नव्हती. त्या म्हातारीसाठी ती माहेरी जायला निघाली. मी बरोबर गेलो, कारण ती पुन्हा कुठे आत बसलेली मला नको होती.

दिवाळी उलटल्यावर आम्ही एसटीच्या लाल गाडीनं निघालो. तुम्ही आता चार पदरी रस्त्यानं सकाळी निघून जेवायच्या आत सोलापुरात पोचाल. आमचा अख्खा दिवस गेला. पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. उजनीच्या धरणाचं काम चालू होतं, त्यामुळे त्या टप्प्यात सगळी गाडी धुळीनं पांढरी झाली. मोहोळला गाडी बराच वेळ थांबली. तिथं उतरून आम्ही गरम भजी खाल्ली आणि पितळी पेल्यातून चहा प्यालो. शेजारच्या बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "कुटं निगाला?"

"होटगीला. सराटे आणायला."

"सराटं?" आजोबांनी आधी माझ्याकडे, मग महानंदाकडे पाहिलं. "हां हां. आना की. गुन हाय त्याचा."

मला वाटलं, किती जाणता माणूस आहे.

सोलापुरात उतरल्यावर, होटगीला नाहीच मिळाले तर निदान इथले असावेत म्हणून मी काष्ठौषधीच्या एका दुकानात शिरलो. महानंदा बाहेर सामानापाशी थांबली. यंदाचे सराटे आहेत का, असं विचारल्यावर दुकानदार चाचांनी आवाज उतरवला आणि म्हणाले, "शादी को कित्ते साल हुए?" मी म्हटलं, चार. त्यांनी मान डोलावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुधातून घेत जा, हिंमत हारू नको, असं सांगितलं. पोपो पाण्यातून घेते, असं म्हणणार होतो, पण मागे दुसरं गिऱ्हाईक आलं. सराटे जुनेच होते, घेतले नाहीत. काटे विकत घेताना हिंमत कशाला लागते, याचा विचार करत मी स्टेशनवर आलो.

सोलापूरहून होटगी तसं हाकेच्या अंतरावर. आम्ही पॅसेंजर पकडली. होटगी जंक्शन, त्यामुळे गाव लहान आणि रुळांचा पसारा मोठा. माझा मेहुणा सिद्राम रेल्वेत गँगमन होता, शिवाय घरची थोडी शेती. तो आम्हाला न्यायला आला होता. रुळांपलीकडे वस्तीवर त्यांचं घर होतं. घरात सिद्राम, त्याची बायको कमळा आणि सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा म्हणजे कानडीत आई. सोलापूरच्या दक्षिणेला अशी घरं पुष्कळ आहेत, एक वाक्य मराठी आणि पुढचं कानडी. आमच्याकडची कानडी माझ्या आजोबांबरोबर गेली, त्यामुळे सासुरवाडीत निम्म्या गोष्टी माझ्या डोक्यावरून जात.

कमळा सात महिन्यांची गरोदर होती आणि दुसऱ्याच दिवशी तिचं कुबस ठरलेलं होतं. कुबस म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवण. हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. महानंदाचा चेहरा उतरला. अव्वांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "दमलीस. उद्या आराम कर. कामाला बाया येनार हायत." म्हणजे उद्या आत बस. हे मात्र मला कुणी न सांगताही कळलं.

विषय बदलावा म्हणून मी घाईनं म्हणालो, "अव्वा, आम्हाला सराटे हवेत. औषधाला."

दारात शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. त्या बोलायच्या थांबल्या.

"कुनाला?" अव्वांनी विचारलं.

आता पोपो कोण, ती चीनमधून पुण्यात कशी आली, कलकत्त्याच्या पुड्या का बंद झाल्या, हे सगळं त्या बायकांसमोर कुठून सुरू करायचं ते मला सुचेना. मी म्हणालो, "आहेत एक... ओळखीचे."

अव्वा माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बरं. देऊ की. भरपूर देऊ." आणि उठून चुलीपाशी गेल्या. थोड्या वेळानं माझ्यापुढं खारीक घालून आटवलेलं दूध आलं. एकट्या माझ्यापुढं.

त्या संध्याकाळी जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि शेंगोळी होती. सोलापूरकडे गेलात तर हॉटेलातल्या ताटावर समाधान मानू नका, कुणाच्या तरी घरी शेंगोळी खा. पण माझ्या पानात तूप जास्त पडत होतं आणि पाठोपाठ उडदाचे लाडूही आले. पलीकडे मायलेकींचं कानडीत बोलणं चाललं होतं. त्यातला मला एकच शब्द कळत होता, अळिया. म्हणजे जावई. तो फार वेळा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राम मला माळ दाखवायला घेऊन गेला. होटगीचा माळ म्हणजे मुरमाड, उघडा, कुसळी गवतानं पिवळा पडलेला. दिवाळीच्या आगेमागे हे गवत कमरेखाली असतं आणि त्याच्या बुडाशी सराटा पसरलेला असतो. जाणार असाल तर जाड तळाच्या चपला घाला. सायकल अजिबात नेऊ नका. मी वाकून पिवळी फुलं बघत होतो, तेवढ्यात सिद्रामनं घसा साफ केला.

"दाजी, एक इचारू का? रागावू नगा."

"विचार की."

"पुन्याला डाक्टरला दावलं का?"

"अरे, तिचा मुलगाच डॉक्टर आहे."

"कुनाचा मुलगा?"

"पोपोचा."

सिद्रामला काही कळेना, आणि त्याला काय कळत नाही ते मला कळेना. शेवटी मी त्याला पोपोची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि मग मोठ्यानं हसला.

"दाजी, पुन्यात एक चिनी म्हातारी हाय आन तिला होटगीचं सराटं पायजेत व्हय? दुसरं कायबी सांगा, पर हे नगं."

"अरे, खरंच सांगतोय!"

"आवं, हितं सराटं मागाया कोन येतंय, ठावं हाय का? ज्याला मुतखडा झालाय त्यो, न्हायतर ज्याला प्वार हुईना त्यो. आन मुतखड्याचं मानूस लाजत न्हाय. त्यो कवाच ओळखीच्याला पायजे म्हनत न्हाय."

मी माळावर उभा होतो आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. फेटेवाले आजोबा, दुकानदार चाचा, खारकेचं दूध, लाडू, सगळं एकदम जागेवर बसलं. मला राग आला, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आता काय करायचं हेच समजेना. चार वर्षं ज्या घरानं माझ्या बायकोकडे संशयानं बघितलं, ते घर एका रात्रीत माझ्याकडे संशयानं बघायला लागलं होतं. आणि मी तर डॉक्टरकडे कधी गेलोच नव्हतो. दोष कुणात आहे, का कुणातच नाही, याचा आम्हालाच पत्ता नव्हता. तेव्हा नवऱ्यानं तपासून घ्यायची पद्धत नव्हती आणि बायकोला कुणी तपासायच्या आधीच ठरवून टाकत.

घरी आलो आणि महानंदाला गोठ्यामागे गाठलं. म्हटलं, "अव्वांना खरं काय ते तू सांग. तुझं तरी ऐकतील."

"सांगितलं," ती म्हणाली. "काल रात्रीच सांगितलं. पोपोचं सगळं सांगितलं."

"मग?"

"अव्वा म्हणाली, नवऱ्याला झाकतीस व्हय? ऱ्हाऊ दे, लई शानी हायस. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला." एवढं बोलून ती हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली. मग तशीच हसता हसता रडायला लागली. हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं, ते मला समजेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत होती.

दुपारी कुबस झालं. अंगणात मांडव, कमळाला हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, आणि जेवायला गव्हाची हुग्गी. ही हुग्गी म्हणजे गूळ आणि खोबरं घातलेली गव्हाची घट्ट खीर. गरम असताना वर तूप घेऊन खायची. पुरुष बाहेर पडवीत बसले होते. माझ्या हातात पुन्हा उडदाचा लाडू होता. आत बायका ओळीनं बसल्या, आणि महानंदा सवयीनं मागच्या खोलीकडे निघाली. तेव्हा अव्वांचा आवाज आला. तो सगळ्यांना ऐकू जावा अशा बेतानं काढलेला होता.

"महानंदा, हितं ये. पयली वटी तू भर."

 एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. अव्वा तिला म्हणाल्या, "माज्या लेकीत कायबी न्हाय. मला ठावं हाय."

पडवीतल्या पुरुषांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. एकानं मला पान दिलं. मी ते घेतलं आणि दारातून आत बघितलं. महानंदा कमळासमोर बसली होती. सुपातले तांदूळ तिनं ओंजळीत जपून घेतले. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, एकेक वस्तू तिनं ओटीत घातली आणि वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं. तिचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीही असा बघितला नव्हता. मला फार आनंद झाला. त्याच वेळी माझा चारचौघांत अपमान झाला होता, तोही लागला. एका माणसाला दोन्ही एकदम कसं वाटतं, हे तेव्हा मला समजलं नाही.

आता सराटे पोत्यात भरायचे आणि निघायचं, एवढंच उरलंय असं मला वाटत होतं. पण औषधाची वनस्पती अशी उपटून न्यायची नसते. आदल्या संध्याकाळी तिला आवतान द्यायचं, म्हणजे रीतसर आमंत्रण. ज्याच्यासाठी न्यायची त्याचं नाव घेऊन सांगायचं, उद्या आमच्या घरी चला. मग सकाळी कुणाशी न बोलता जाऊन काढायची. ज्याचं नाव घेतलं, गुण त्यालाच येतो. दुसऱ्यानं खाल्लं तर नुसता पाला. हे अव्वांनी मला समजावून सांगितलं आणि माझा आणखी गोंधळ झाला.

ऊन उतरल्यावर आम्ही माळावर गेलो. पुढं ताट घेऊन अव्वा, मागे मी आणि महानंदा, आणि दुपारच्या कार्यक्रमातल्या दोघीतिघी बायका. एक चांगली पसरलेली वेल अव्वांनी निवडली. तिच्याभोवती पाणी शिंपडलं, विभूतीची बोटं ओढली, हळद-कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. मग माझ्या हातात अक्षता देऊन म्हणाल्या, "ज्याच्यासाठनं न्यायचं त्याचं नाव घ्या. आईचं नाव बी घ्या. मोठ्यानं."

मी अक्षता घेऊन उभा राहिलो.

मी शिकलेला माणूस होतो. वेलीला नाव कळतं यावर माझा विश्वास नव्हता. तरी त्या क्षणी हातातल्या अक्षता टाकवेनात. माझं नाव घेतलं तर पोपोच्या चकरेला गुण येणार नाही, असं मला खरोखर वाटू लागलं. ती म्हातारी तिकडे रिकामा डबा घेऊन बसली होती. तिचं नाव घ्यावं, तर खरं नाव मला माहीत नव्हतं, तिच्या आईचं तर नाहीच. आणि समजा 'पोपो' म्हणालो असतो, तर अव्वांना ते खरंच वाटलं असतं. वेलीपुढं कुणी खोटं बोलत नाही. म्हणजे आमची चिनी म्हातारी एका क्षणात खरी ठरली असती, माझी अब्रू परत आली असती आणि महानंदा पुन्हा मागच्या खोलीत गेली असती.

बायका वाट बघत होत्या. महानंदा माझ्या जवळ आली. वेलीकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, "तुमचं घ्या."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"बसवराज," मी म्हणालो. "सुमित्राबाईचा मुलगा." आणि अक्षता वेलीवर टाकल्या. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती, नाहीतर या भानगडीत आपलं नाव गोवल्याबद्दल तिनं मला घरात घेतलं नसतं.

अव्वांनी हात जोडले आणि पदरानं डोळे पुसले. वाटेत त्या माझ्याशी फार मऊ आवाजात बोलत होत्या. मी आजारी पोरगा असल्यासारखं मला दगड-धोंड्यांतून सांभाळून आणलं.

सकाळी न बोलता गेलो. वाटेत रेल्वेचे दोघं ओळखीचे भेटले, राम राम म्हणाले. मी नुसती मान हलवली. ते समजून बाजूला झाले. बहुतेक सगळ्या होटगीला समजलं होतं. आवतान दिलेली वेल आधी काढली. मग बाकीचे सराटे गोळा करायची तिकडची रीत बघितली. जुनं घोंगडं माळावरून ओढत न्यायचं. सराटे आपोआप लोकरीला लटकतात. मग घोंगडं काठीनं झोडायचं. बोटाला एक काटा न लागता पोतडी भरते. अव्वांनी त्यातले निम्मे कढईत मंद भाजले, गोणपाटात घालून चोळले, काटे पाखडून टाकले आणि फडक्यात बांधून दिले. निम्मे तसेच ठेवले. निघताना महानंदाच्या ओटीत खण-नारळ घातला आणि मला म्हणाल्या, "बापू, मनाला लावून घेऊ नका. समदं ठीक हुतंय."

परतीच्या गाडीत महानंदा फडक्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. टेंभुर्णीपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी विचारलं, "तुला राग नाही ना आला?"

"कशाचा?"

मी तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओटीतले तांदूळ सांडले नाहीत ना माझ्या हातून?" मी म्हटलं, नाही. मग ती झोपली.

पुण्यात पोपोनं फडकं सोडलं, एक फळ दाताखाली फोडलं आणि डॉक्टर लिन यांना काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "भाजलं कुणी, विचारते. तिच्या आईसारखं भाजलंय म्हणते." महानंदा खूश झाली. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन आवतानाचं सांगितलं. माझ्या नावानं काढलंय, चालेल ना? दातांचा एवढा मोठा डॉक्टर, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. आईला सांगतो म्हणाले आणि बराच वेळ चिनी भाषेत सांगितलं. पोपोनं ऐकून महानंदाकडे बघितलं आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन काहीतरी म्हणाली. डॉक्टरांनी ती काय म्हणाली ते आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तिची चक्कर थांबली का? कधी थांबली म्हणायची, कधी नाही. तुम्ही मात्र हे वाचून सराटे उकळत बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी उलटली की होटगीहून फडकं यायचं. अव्वा स्वतः माळावर जात, माझ्या नावानं आवतान देत, स्वतः भाजत. सिद्राम घेऊन यायचा. मी ते जसंच्या तसं खाली पोपोकडे पोचवायचो. महानंदा बिनघोर माहेरी जाऊ लागली. कमळाच्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा पाळण्यात बाळ तिनं घातलं. गावात तिला कुणी आत बस म्हणालं नाही. मला मात्र होटगी स्टेशनवर उतरल्यापासून लोक जपून वागवायचे. आम्हाला मूल झालं नाही. आम्ही दोघांनी कधीच तपासून घेतलं नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "कशाला? आता मिटलंय ना." काय मिटलंय, ते मला नीट कळलं असं आजही म्हणता येणार नाही. त्या माळावर माझं नाव मी घेतलं की तिनं घेतलं, हेही मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काही वर्षांनी लिन कुटुंब कॅनडाला निघून गेलं. पोपोही गेली. जाताना तिनं महानंदाला आपलं लाटणं दिलं. त्या दिवाळीनंतर नेहमीसारखा सिद्राम आला. रात्री राहिला, सकाळच्या गाडीनं जाणार होता. फडकं मी ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. खाली द्यायला आता कुणी नव्हतं. टाकून द्यावं, तर अव्वांचे सराटे भाजून काळे पडलेले हात डोळ्यांसमोर यायचे.

सकाळी मी उठायच्या आतच महानंदानं पातेलं शेगडीवर चढवलं होतं. सराट्याचं पाणी तांबूस झालं होतं. तिनं ते कपात गाळलं आणि माझ्यापुढं ठेवलं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही चाखलं नव्हतं. चव कडवट, मातकट. निम्मा कप प्यालो आणि थांबलो. तिनं माझ्या हातातून कप घेतला. मला वाटलं, ओतून टाकणार. तिनं उरलेलं आपल्या बशीत ओतलं आणि एका दमात पिऊन टाकलं.

बाहेरून सिद्राम चपला घालत ओरडला, "दाजीनी औषद घेतलं का? अव्वा इचारंल."

"घेतलं," महानंदा म्हणाली आणि बशी विसळायला उठली.